एम.टेक.ला कुठलं स्पेशलायझेशन घेऊ? ऐरोलीहून आलेल्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा ऐरोलीचा, बी.ई. आयटी, महाप्याला एका कंपनीत 3 वर्षं प्रॉडक्शन सपोर्टला आहे. रात्रपाळ्या करून गेट, म्हणजे एम.टेक.ची प्रवेश परीक्षा, दिली आणि स्कोअर बरा आला. आता समोर चार नावं आहेत: डेटा सायन्स-एआय, सायबर सिक्युरिटी, सिस्टिम्स-नेटवर्क्स आणि व्हीएलएसआय, म्हणजे चिप डिझाइन. वडील टीटीसी पट्ट्यातल्या, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या, केमिकल कंपनीतून निवृत्त झालेत, ते म्हणतात, ‘आता सगळं एआयच आहे, डोळे झाकून तेच घे.’ मित्र म्हणतात सिक्युरिटीत पैसा आहे. तो विचारतो, ‘ताई, पाच-सहा वर्षांनी पस्तावायची वेळ येणार नाही असं कुठलं घेऊ? नोकरी सोडू का? आणि लॅपटॉप कुठला घेऊ?’

मी ठाण्याला पाचपाखाडीत राहते. 20 वर्षांहून जास्त काळ डेटाबेस आणि स्टोरेज सांभाळण्यात गेला, त्यातला बराचसा ऐरोली-रबाळे पट्ट्यातच. गेली काही वर्षं एम.टेक.च्या डिझर्टेशनला (शेवटच्या प्रबंधाला) एक्सटर्नल, म्हणजे बाहेरची परीक्षक, म्हणूनही जाते. त्यामुळे मला मुलं दोनदा भेटतात: एकदा व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, आणि वर्ष-दोन वर्षांनी इंटरव्ह्यूला. पुढे जे लिहिलंय ते या दोन भेटींमधून आलेलं आहे, आणि माझा कल सिस्टिम्सकडे आहे हे आधीच सांगून ठेवते.

माझ्या स्वतःच्या स्पेशलायझेशनपासून सुरुवात करते. 2003 साली मी प्रवेश घेतला तेव्हा ‘ग्रिड कॉम्प्युटिंग’ या नावाला भलताच भाव होता. जगभरची कॉम्प्युटर जोडायची आणि विजेसारखी गणनशक्ती वापरायची, अशी कल्पना. आपल्याकडे सी-डॅकचा ‘गरुडा’ हा ग्रिड प्रकल्प त्याच दशकातला. मी तेच घेतलं. पास होऊन वर्ष होतंय न होतंय तोच, 2006 साली, ॲमेझॉनने तासाच्या भाड्याने मशिनं द्यायला सुरुवात केली आणि बघता बघता सगळे ‘क्लाउड’ म्हणू लागले. नंतरच्या इंटरव्ह्यूंमध्ये माझ्या मार्कशीटवरचं नाव वाचून लोक ‘म्हणजे नक्की काय?’ असं विचारायचे. पण डिझर्टेशनमध्ये मी दहा महिने एकाच गोष्टीशी झटले होते: 40 मशिनं आणि 1000 कामं असतील तर कुठलं काम कुठल्या मशिनवर टाकायचं, आणि मशिन मध्येच मेलं तर काय करायचं. 2014 नंतर कुबरनेटिस हे अनेक मशिनांवर कामं वाटून देणारं सॉफ्टवेअर आलं तेव्हा त्यातला शेड्युलर, म्हणजे वाटणी ठरवणारा भाग, वाचताना मला वाटलं, अरे, हे तर आपल्या माहेरचंच माणूस. तोपर्यंत ग्रिड कुणाच्या तोंडीही राहिला नव्हता.

म्हणून तुझा प्रश्न मी जरा फिरवून घेते. फॉर्मवर तू जे नाव निवडशील त्याने दोन वर्षांतला फार थोडा भाग ठरतो. बहुतेक ठिकाणी पहिल्या दोन सेमिस्टरना पेपर आणि उरलेल्या दोनांत डिझर्टेशन असतं. पेपरांतही अल्गोरिदम, प्रोबॅबिलिटी, रिसर्च मेथडॉलॉजी ही मंडळी सगळ्या शाखांना कमी-अधिक सारखीच. फरक पडतो तो तीन-चार इलेक्टिव्हमध्ये, म्हणजे ऐच्छिक विषयांत. खरं स्पेशलायझेशन होतं ते त्या शेवटच्या वर्षात, कारण तेव्हा एकाच प्रश्नाला तू रोज हात घालणार असतोस. आणि तो प्रश्न कुठला असेल हे तुझ्या आवडीइतकंच, किंबहुना जास्तच, गाईडवर आणि लॅबवर ठरतं. चांगल्या गाईडच्या हाताखाली ‘नेटवर्क्स’ केलेला मुलगा मला एआयची पाटी लावलेल्या चार मुलांपेक्षा जास्त उपयोगी पडलाय. एकदा नव्हे, अनेकदा.

हे तपासायचं कसं? ब्रोशर बाजूला ठेव. ज्या कॉलेजात मिळतंय असं वाटतं तिथल्या लायब्ररीत जा आणि गेल्या तीन वर्षांतली एम.टेक.ची डिझर्टेशन काढायला सांग. काळ्या किंवा मरून बाइंडिंगचे ठोकळे असतात, कपाटाच्या तळाशी. ग्रंथपाल आधी कुरकुरतील, ‘प्रवेश झालाय का तुमचा?’ असं विचारतील, पण बसू देतात. प्रस्तावना वाचू नकोस. एकदम निकालांच्या प्रकरणावर जा आणि बघ, डेटा कुठून आला? मुलाने स्वतः मोजला, की इंटरनेटवरून उतरवला? आलेख काढलाय तो कितीदा प्रयोग करून? एकाच गाईडकडची पाच डिझर्टेशन एकमेकांना धरून आहेत, आदल्या वर्षीच्या मुलाने जिथे सोडलं तिथून पुढच्याने उचललंय, असं दिसलं तर त्या गाईडकडे जायला हरकत नाही. पाच मुलांचे पाच दिशांना विषय असतील, एक शेतीवर, एक ब्लॉकचेनवर, एक चेहरा ओळखण्यावर, तर तिथे तुला तुझं तूच बघावं लागेल.

आता एकेक शाखा. सिक्युरिटीपासून सुरू करते, कारण तिथे मी सर्वांत जास्त निराश होते.

दोनेक वर्षांपूर्वी एका कॉलेजात व्हायवाला गेले होते. मुलाचा विषय होता नेटवर्कवरचे हल्ले मशिन लर्निंगने ओळखणं. सूट घातलेला, स्लाइड सुरेख. शेवटच्या स्लाइडवर मोठ्या हिरव्या अक्षरांत 99.1 टक्के अचूकता. मी विचारलं, डेटा कुठला? म्हणाला, केडीडी कप 99. मी विचारलं, ‘यातले हल्ले कुठल्या सालचे आहेत रे?’ तो गाईडकडे बघू लागला. तो डेटा 1998 साली अमेरिकेत डार्पा या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेसाठी मुद्दाम उभारलेल्या नेटवर्कवर गोळा केलेला आहे. तेव्हा त्या मुलाचा जन्मही झाला नव्हता. शिवाय 2009 साली कॅनडातल्या संशोधकांनी दाखवून दिलंय की त्यातल्या प्रशिक्षणाच्या नोंदींपैकी जवळपास 78 टक्के नोंदी एकमेकींच्या नकला आहेत आणि चाचणीच्या नोंदींत 75 टक्के. म्हणजे पेपरात आलेले प्रश्न आधीच पाठ करून बसल्यासारखं. मुलगा हुशार होता, मेहनतही केली होती. पण त्याला वर्षभरात कुणी हे विचारलंच नव्हतं. मी पास केलं. घरी येताना रिक्षात मात्र स्वतःवरच चिडले होते.

आणि समजा डेटा ताजा आहे, अचूकता खरोखर 99 टक्के आहे. तरी हिशोब करून बघ. एका मध्यम कंपनीत दिवसाला 10 लाख नोंदी तपासायच्या आहेत असं धर, आणि त्यांत खरे हल्ल्याचे प्रकार 100. तुझी यंत्रणा 100 पैकी 99 पकडेल, उत्तम. पण उरलेल्या जवळपास 10 लाख निरुपद्रवी नोंदींपैकी 1 टक्का, म्हणजे सुमारे 10,000 नोंदींवरही ती भोंगा वाजवेल. रात्रपाळीला बसलेल्या पोरापुढे 10,099 इशारे, त्यांतले 99 खरे. तू सपोर्टला आहेस, तुला सांगायला नको की तो पोरगा दुसऱ्या दिवशी काय करेल. सगळे अलर्ट म्यूट करेल.

हा हिशोब ज्याला बोलता बोलता मांडता येतो असा सिक्युरिटीचा माणूस आम्हाला हवा असतो, आणि तसे कमी मिळतात. काम मात्र भरपूर आहे. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावी लागते आणि लॉग 180 दिवस जपून ठेवावे लागतात. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आलाय. क्वांटम कॉम्प्युटरपुढेही टिकतील अशा क्रिप्टोग्राफीची पहिली प्रमाणं अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने ऑगस्ट 2024 मध्ये जाहीर केली, म्हणजे बँकांना पुढची कित्येक वर्षं जुन्या कुलपांच्या जागी नवी बसवत राहायचंय. सिक्युरिटी घ्यायची तर क्रिप्टोग्राफी किंवा ऑपरेटिंग सिस्टिमच्या अंगाने घे. नुसती टूल चालवायला शिकायचं असेल तर दोन वर्षं घालवायची गरज नाही. सी-डॅकचा सहा महिन्यांचा सिक्युरिटीचा डिप्लोमा त्यासाठी पुरे, त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. सी-डॅकचं केंद्र तर तुझ्या खारघरलाच आहे.

आता वडिलांचा एआय. त्यांना एकदम उडवून लावू नकोस, त्यांचं निम्मं बरोबर आहे. मागणी आहेच. गेटमध्येसुद्धा 2024 पासून डेटा सायन्स-एआयचा वेगळा पेपर आला, तो काही उगाच नाही. अडचण वेगळी आहे: त्या दारात गर्दी इतकी आहे की पाटीवरून काहीच कळत नाही. दोन गोष्टी स्वतःपुरत्या पडताळून बघ.

पहिली, गणित. चार शनिवार-रविवार काढ. कंडिशनल प्रोबॅबिलिटी, आयगेन व्हॅल्यू, ग्रेडियंट, एवढंच घे आणि कागदावर उदाहरणं सोडव. व्हिडिओ बघू नकोस, त्याने सगळं समजल्यासारखं वाटतं. चौथ्या रविवारी संध्याकाळी तुला अजून एक उदाहरण घ्यावंसं वाटलं तर एआय तुझ्यासाठी आहे. सुटल्याचं हायसं वाटलं, तर पुढची दोन वर्षं प्रोग्रामिंगमधल्या तयार फंक्शनांची नावं पाठ करण्यात जातील.

दुसरी, लॅब. विभागात गेल्यावर न लाजता विचार, जीपीयू, म्हणजे मॉडेल शिकवायला लागणारी कार्डं, किती आहेत आणि एका विद्यार्थ्याला आठवड्याला किती तास मिळतात. साधा हिशोब सांगते. 700 कोटी पॅरामीटरचं (म्हणजे शिकताना बदलत जाणाऱ्या आकड्यांचं) मॉडेल 16 बिटमध्ये नुसतं मेमरीत ठेवायला 14 जीबी लागतात. तेच नेहमीच्या पद्धतीने पूर्ण ट्रेन करायचं तर ग्रेडियंट आणि ऑप्टिमायझरचा, म्हणजे शिकवताना लागणाऱ्या जादा आकड्यांचा, पसारा धरून दर पॅरामीटरला साधारण 16 बाईट, म्हणजे 112 जीबी. लॅबमध्ये 24 जीबीचं एकच कार्ड असेल आणि त्यावर 18 मुलांचं नाव लागलेलं असेल, तर तुझं डिझर्टेशन कशावर होणार ते तूच ओळख. यावर तोडगे आहेत. मूळ मॉडेल गोठवून थोडेच नवे पॅरामीटर शिकवायचे, किंवा 4 बिटमध्ये आवळायचं. पण हे गाईडला माहीत असायला हवं.

एक कोपरा मात्र मला मनापासून आवडतो आणि तिथे गर्दी कमी आहे: आपली भाषा. ‘ठाण्यातल्यांनाही’ हा एक शब्द घे. ठाणे, त्याचं सामान्यरूप ठाण्या, त्याला ‘त’, मग ‘ल्या’, मग अनेकवचनी ‘ना’, वर ‘ही’. आपण एका दमात बोलतो. युनिकोडमध्ये त्याची 16 चिन्हं होतात, आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाईट, म्हणजे 48 बाईट. इंग्रजीवर घडवलेला टोकनायझर, म्हणजे मॉडेलसाठी मजकुराचे तुकडे पाडणारा भाग, याचे असे काही तुकडे करतो की त्यात ठाणं कुठे होतं तेच हरवतं. आणि तुकडे जितके जास्त तितका खर्च जास्त. पवईला आयआयटीच्या भाषा-तंत्रज्ञान केंद्रात मराठी वर्डनेटवर, म्हणजे शब्दांचे अर्थसंबंध मांडणाऱ्या कोशावर, काम झालंय, पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने मराठीवर घडवलेली मॉडेलं खुली ठेवलीत. वीज बिलाची तक्रार, रुग्णाचं वर्णन, ग्रामपंचायतीचा ठराव, यांतलं मराठी समजणारी यंत्रणा कुणालाही हवी आहे. असा विषय देणारा गाईड मिळाला तर मी सिस्टिम्सचा हट्ट सोडून तुला तिकडे ढकलेन.

व्हीएलएसआयबद्दल लांबण लावत नाही. तुझं बी.ई. आयटीत झालंय. ट्रान्झिस्टरपासून सुरू करावं लागेल आणि इलेक्ट्रॉनिक्सची मुलं चार वर्षं पुढे असतील. सेमीकंडक्टर मिशनमुळे 2021 पासून वारं आलंय हे खरं, आणि व्हेरिफिकेशनच्या, म्हणजे चिपचं डिझाइन तपासण्याच्या, कामात प्रोग्रामिंग येणाऱ्याला किंमत आहे हेही खरं. पण ते काम मुख्यतः बेंगळुरू, हैदराबाद, नोएडाला आहे. आई-वडिलांना सोडून जायचं नाही असं तू लिहिलंयस, म्हणजे तुझं उत्तर तूच दिलंयस.

राहिलं सिस्टिम्स. यात ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, डेटाबेस, डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम असं सगळं येतं. नाव ऐकून कुणी भारावत नाही, नातेवाइकांना समजावताना पंचाईत होते. पण हा विषय फार हळू म्हातारा होतो. नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली 1970 साली. त्याच वर्षी एडगर कॉड यांनी रिलेशनल डेटाबेसची, म्हणजे माहिती टेबलांत मांडून ठेवण्याची, कल्पना मांडली. तेव्हा वाशी म्हणजे खाडीकाठचं गाव होतं. आज सगळी नवी मुंबई उभी राहिली आणि मी अजून कॉड यांच्याच टेबलांवर जेवते. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 1978 मध्ये मांडलेली लॉजिकल क्लॉकची, म्हणजे घड्याळं न जुळणाऱ्या मशिनांवर आधी काय घडलं नि नंतर काय हे ठरवण्याची, कल्पना आजही पहिल्या सेमिस्टरला शिकवतात, आणि ती आजही लागते.

हा विषय प्रत्यक्षात कसा लागतो ते माझ्याच चुकीवरून सांगते. 12 ऑक्टोबर 2020, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा 400 केव्ही वाहिन्यांच्या बिघाडामुळे मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. तुला आठवत असेल, लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या. कोविडचे दिवस, मी घरून काम करत होते. पंखा थांबला, स्वयंपाकघरात मिक्सर थांबला, आणि मी निवांत होते. आमचा डेटाबेस तीन मशिनांवर होता: एक रबाळ्याच्या डेटा सेंटरमध्ये, एक अंधेरीकडच्या डेटा सेंटरमध्ये, दोन्हीकडे जनरेटर. तिसरं छोटं मशिन ‘साक्षीदार’ म्हणून वागळे इस्टेटमधल्या ऑफिसच्या एका खोलीत. नियम असा की तिघांपैकी दोघांचं एकमत असेल तरच नवीन नोंद लिहायची. एक मेलं तरी दोघं उरतात, काम चालू. मी हे शिकले होते, मुलांना शिकवलंही होतं.

अकराच्या आधीच फोन खणखणायला लागला. डेटाबेस फक्त वाचता येतोय, लिहिता येत नाहीये. मी रबाळ्याला विचारलं, जनरेटर? चालू आहे. मशिन? ठणठणीत. अंधेरीला विचारलं, तिथेही तेच उत्तर. दोन्ही यंत्रं जिवंत आणि दोघंही हात बांधून उभी. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला, म्हणजे घरात नव्हता तो. वागळे इस्टेटच्या खोलीला जनरेटर नव्हता, नुसता यूपीएस, तो चाळीसेक मिनिटांत संपला. साक्षीदार मेला. हे अपेक्षित होतं. पण रबाळे आणि अंधेरी यांना जोडणारी लाइन फार वर्षांपूर्वी त्याच ऑफिसातून वळवून नेलेली होती आणि तिचा राउटर त्याच खोलीत, त्याच यूपीएसवर. साक्षीदार आणि रस्ता एकाच क्षणी गेले. रबाळ्याला दिसत होतं, तिघांत मी एकटाच. अंधेरीलाही तसंच. दोघांनी लिहायला नकार दिला आणि तेच योग्य होतं. दोघांनी आपापल्या मनाने लिहिलं असतं तर संध्याकाळी दोन वेगवेगळे हिशोब जुळवत बसावं लागलं असतं.

ड्रॉइंगवर साक्षीदार एका चौकोनात होता आणि लाइन म्हणजे नुसता एक बाण. बाण कुठल्या खोलीतून जातो ते कागदावर नव्हतं. त्या ड्रॉइंगवर सही माझी. वीज हळूहळू परत आली तोवर दोन-अडीच तास गेले होते. नंतर साक्षीदार वेगळ्या जागी हलवला आणि दुसरी लाइन वेगळ्या वाटेने घेतली. एका वरिष्ठांनी तेव्हा सुचवलं होतं, मशिनं तीनाची चार करा, म्हणजे भक्कम होईल. हे ऐकायला पटतं, पण चारात एकमत म्हणजे तिघं, म्हणजे चारांपैकीही एकच मेलेलं चालतं. दोन मेलेली चालायची तर पाच हवीत. एवढं गणित मला डिस्ट्रिब्युटेड सिस्टिमच्या पेपरातच मिळालं होतं, म्हणून त्या चौथ्या मशिनचा खर्च वाचला. पण खोलीचं मात्र कुठल्याच पेपरात नव्हतं.

आता तुझ्याकडे बघ. तू तीन वर्षं रात्रीबेरात्री बिघाड बघतोयस आणि त्यांचे आरसीए, म्हणजे मूळ कारणाचे अहवाल, लिहितोयस. तुझ्या लेखी ती कटकट असेल. माझ्या लेखी ते डिझर्टेशनचं अर्धं पहिलं प्रकरण आहे. एका बिघाडातून येणाऱ्या शेकडो इशाऱ्यांतून मूळ कारण कसं शोधायचं, हा जिवंत संशोधनाचा विषय आहे. त्यात सिस्टिम्स आहे, नेटवर्क आहे, आणि वडिलांचा एआयसुद्धा बसतो. फक्त कंपनीचा एकही लॉग पेनड्राइव्हवर घालून आणू नकोस. लेखी परवानगी माग. नाही मिळाली तर कॉलेजच्या लॅबमध्ये पाच मशिनं लाव, मुद्दाम केबल ओढ आणि स्वतःचा डेटा स्वतः बनव. एक्सटर्नलला तेच जास्त आवडतं, निदान मला तरी.

आणि हे काम तुझ्या घराजवळच आहे. ऐरोली ते महापे रस्त्याने जाताना ज्या बिनखिडक्यांच्या इमारती दिसतात त्या काही गोदामं नाहीत, डेटा सेंटर आहेत. टीटीसीत कारखान्यांसाठी वीज आणि जमीन होती, समुद्राखालच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, बँका खाडीपलीकडे, आणि एप्रिल 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंटचा सगळा डेटा भारतातच ठेवायचा आदेश काढला. तुझे वडील ज्या पट्ट्यात नोकरी करत होते तिथेच आता हे उभं राहतंय. पूर्वी एका रॅकला, म्हणजे सर्व्हरच्या एका कपाटाला, 5-10 किलोवॅट वीज लागायची, एआयच्या नव्या रॅकला 120 किलोवॅटपर्यंत लागते. वीज, थंडावा, नेटवर्क आणि सॉफ्टवेअर या सगळ्यांकडे एकत्र बघता येणारी माणसं कमी पडतात. वडिलांना हे सांग. कूलिंग टॉवर म्हटल्यावर त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळेल.

तेव्हा माझं मत: सिस्टिम्स-नेटवर्क्स घे आणि दोन इलेक्टिव्ह मशिन लर्निंगचे घे. पण सिक्युरिटीला किंवा भाषेच्या एआयला सरस गाईड मिळाला तर नावाचा हट्ट न धरता तिकडे जा.

नोकरीचं. पूर्ण वेळ एम.टेक. करायचं असेल तर नोकरी सोडावीच लागेल. दोन्ही डगरींवर पाय ठेवून डिझर्टेशन केलेली मुलं मी पाहिलीत, व्हायवाला ती डोळे चोळत येतात. गेटवर प्रवेश घेतलेल्यांना महिना 12,400 रुपयांची शिष्यवृत्ती आहे, त्या बदल्यात लॅबमध्ये शिकवायचं वगैरे काम असतं. एवढ्यात घर चालत नाही, पण ऐरोलीला घरी राहून पवईची आयआयटी किंवा माटुंग्याचं व्हीजेटीआय करणार असशील तर तुझा स्वतःचा खर्च निघेल. गृहकर्जाचा हप्ता तुझ्या पगारातून जातोय का, ते तू लिहिलेलं नाहीस. जात असेल तर या वर्षी घाई करू नकोस. गेटचा स्कोअर 3 वर्षं चालतो. वर्षभर पैसे साठव, गणित पक्कं कर, तीन-चार गाईडना भेट, आणि पुढच्या वर्षी जा. जायचं ठरलंच तर आयआयटींसाठी कोॲप, एनआयटींसाठी सीसीएमटी आणि राज्यातल्या कॉलेजांसाठी सीईटी सेलच्या कॅप फेऱ्या, या तिन्ही प्रवेश प्रक्रियांच्या तारखा वेगवेगळ्या असतात. कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून फ्रिजवर लाव. एक चांगला मुलगा कागदपत्र पडताळणीची तारीख चुकवून वर्षभर बसलेला मला माहीत आहे.

गाईडला मेल लिहिशील तेव्हा ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी इंटरेस्टेड इन युवर एरिया’ असलं काही नको. त्यांच्या एका विद्यार्थ्याचं डिझर्टेशन वाचलंस, त्यातला अमुक आलेख कळला नाही, त्याबद्दल दहा मिनिटं मिळतील का, एवढंच लिही.

लॅपटॉप: 32 जीबी रॅम आणि लिनक्स नीट चालेल असा, जुना असला तरी चालेल. जीपीयूवाला घेऊ नकोस, सारखा तापतो आणि पाठीवर वजन होतं. ऐरोलीहून गाडी बदलत माटुंग्यापर्यंत तो रोज तुलाच वाहायचाय.